उनो बोर्डावरचे टायमर: कोणता घ्यावा, कसा लावावा, कुठे अडते

सर्वो मोटर जोडल्याबरोबर नऊ नंबरच्या पिनवरच्या पंख्याचा वेग बदलेनासा होतो. दर सेकंदाला लुकलुकायचा एलईडी भलत्याच वेगाने लुकलुकतो. कुठूनतरी उतरवून घेतलेल्या चार ओळी प्रोग्रॅममध्ये घातल्या की डिले हे फंक्शन वेळच पाळत नाही. आर्डुइनो उनोवरचा पहिला प्रकल्प आटोपून पुढे निघालेले डिप्लोमा-इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, हौशी मंडळी, वर्कशॉपसाठी स्वतःच कंट्रोलर बनवणारे कारागीर, सगळेच टायमरपाशी येऊन अडतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

यात अॅटमेगा३२८पी ही चिप असलेले उनो आर३ आणि नॅनो हे बोर्ड गृहीत धरले आहेत. दोन्हींत चिप एकच आणि घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे. रजिस्टर व फंक्शनची नावे लेखात देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती डेटाशीटमध्ये छापली आहेत तशी, रोमन लिपीतच लिहायची.

आधी ठरवा: टायमरला हात लावायची गरज आहे का?

बऱ्याच प्रकल्पांत ती नसते. पुढचे पर्याय आधी तपासा, कारण त्यांत मेहनत कमी आणि बिघडण्यासारखेही कमी आहे.

- काही मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तर चालणार असेल: टाकीची पातळी दर दोन सेकंदांनी वाचणे, बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाने पंप बंद करणे, डिस्प्ले ताजा करणे. अशा कामांना मिलिस पुरेसे आहे. मागची वेळ जपून ठेवा आणि ‘आताची वेळ वजा मागची वेळ’ हे ठरलेल्या अंतराशी ताडून पाहा. ही वेळ अनसाइन्ड लाँग प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच ठेवा. मिलिसचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. वजाबाकी केली असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण ‘पुढची वेळ’ आधीच काढून ठेवून तिच्याशी तुलना केली असेल तर त्या दिवशी यंत्रणा चुकते.
- दिवसाची खरी वेळ हवी असेल: शाळेची घंटा, ठिबकचा व्हॉल्व्ह, दुकानाच्या पाटीचे दिवे. इथे उनोच्या टायमरवर विसंबू नका. उनो आर३ वर मुख्य चिपला घड्याळ देणारा भाग क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे. त्याची चूक साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. तुमचे गणित कितीही अचूक असले तरी ही चूक राहणारच. डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल घ्या. सर्वसाधारण तापमानात ते वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते.
- बॅटरीवरचे यंत्र झोपवून मधूनमधून जागे करायचे असेल: गाढ झोपेत टायमर० आणि टायमर१ दोन्ही बंद पडतात. तिथे वॉचडॉग टायमर वापरा. तो १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंतच्या अंतराने चिपला उठवतो. त्याचे स्वतःचे १२८ किलोहर्ट्झचे घड्याळ तापमानाने आणि व्होल्टेजने सरकते, त्यामुळे त्याच्याकडून अचूकतेची अपेक्षा ठेवू नका.

हार्डवेअर टायमर खरोखर लागतो तो तीन प्रकारच्या कामांना. सेन्सरची नोंद अगदी ठरावीक अंतराने घ्यायची असेल, पीडब्ल्यूएमची वारंवारता तुम्ही ठरवाल तीच हवी असेल, किंवा बाहेरून येणाऱ्या पल्सची लांबी वा संख्या मोजायची असेल. तुमचे काम यांपैकी असेल तर पुढे वाचा.

कोणता टायमर कोणाच्या ताब्यात आहे

या चिपमध्ये तीनच टायमर आहेत आणि तुमचा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच आर्डुइनोने ते कामाला जुंपलेले असतात. लायब्ररी त्यांवर आणखी हक्क सांगतात. माझ्या पाहण्यात येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच सापडते, म्हणून हा भाग शांतपणे वाचावा.

- टायमर०, ८ बिट: मिलिस, मायक्रोस आणि डिले यांचा सगळा डोलारा यावर आहे. पिन ५ आणि ६ वरचे पीडब्ल्यूएम यातूनच येते, सुमारे ९७६ हर्ट्झचे. याचा प्रीस्केलर (घड्याळाचे ठोके भागणारा आकडा) ६४ वरून १ केलात तर एक सेकंदाचा डिले सोळा मिलिसेकंदांच्या आतच संपतो. याला हात लावू नका.
- टायमर१, १६ बिट: पिन ९ आणि १० वरचे पीडब्ल्यूएम, सुमारे ४९० हर्ट्झ. सर्वो लायब्ररी हाच टायमर घेते. सर्वो कोणत्याही पिनवर जोडा, उनोवर ९ आणि १० चे पीडब्ल्यूएम बंद होते. सुरुवातीच्या पंख्याचे कोडे एवढेच आहे. टायमरवन ही लायब्ररीही यावरच चालते, म्हणून ती आणि सर्वो एकत्र नांदत नाहीत.
- टायमर२, ८ बिट: पिन ३ आणि ११ वरचे पीडब्ल्यूएम. बझरसाठीचे टोन फंक्शन हा टायमर घेते आणि रिमोटचे इन्फ्रारेड सिग्नल वाचणारी आयआररिमोट लायब्ररीही उनोवर सहसा हाच वापरते. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये घातली की भांडण ठरलेले.

म्हणून निवडीचा नियम साधा ठेवा. सर्वो नसेल तर टायमर१ घ्या. १६ बिटांमुळे त्यात गणिताला भरपूर जागा मिळते. सर्वो असेल तर टायमर२ घ्या आणि टोन सोडा. सर्वो, टोन आणि स्वतःचा टायमर असे तिन्ही हवे असतील तर उनोशी झगडण्यात वेळ घालवू नका. मेगा २५६० घ्या, त्यात सहा टायमर आहेत आणि त्यांतले चार १६ बिटांचे.

एक आडवाट मात्र सांगण्यासारखी आहे. टायमर० ची गती न बदलता त्याचा कंपेअर मॅच इंटरप्ट, म्हणजे टायमरचा आकडा ठरलेल्या आकड्याशी जुळला की येणारा इंटरप्ट, वापरता येतो. ओसीआर०ए मध्ये ०-२५५ मधला कोणताही आकडा ठेवा आणि फक्त तो इंटरप्ट चालू करा. दर १.०२४ मिलिसेकंदांनी तुमचे काम होते आणि मिलिसला धक्का लागत नाही. अट एकच: पिन ६ वर पीडब्ल्यूएम वापरायचे नाही, कारण तिथे तेच रजिस्टर लागते. ओव्हरफ्लो इंटरप्टच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो आर्डुइनोने आधीच घेतला आहे आणि तुम्ही पुन्हा लिहिलात तर कंपायलर ‘दोनदा व्याख्या केली’ असे सांगून थांबतो.

गणित कागदावर करा

टायमर म्हणजे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एकाने वाढणारा आकडा. १६ मेगाहर्ट्झला एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. प्रीस्केलर या ठोक्यांना भागतो: टायमर० आणि टायमर१ साठी १, ८, ६४, २५६ किंवा १०२४ ने. सीटीसी या पद्धतीत आकडा तुम्ही दिलेल्या मर्यादेपर्यंत जातो, शून्यावर येतो आणि हवा असल्यास इंटरप्ट देतो. सूत्र असे:

मर्यादा = १,६०,००,००० ÷ (प्रीस्केलर × हवी ती वारंवारता) − १

शेवटचा ‘वजा एक’ विसरू नका. मोजणी शून्यापासून होते, म्हणून २४९ ही मर्यादा दिली की २५० ठोके होतात.

समजा, सेन्सरची नोंद सेकंदाला हजार वेळा घ्यायची आहे. प्रीस्केलर ६४ धरला तर १,६०,००,००० ÷ ६४,००० = २५०, म्हणून मर्यादा २४९. भागाकार नेमका बसला आणि आकडा ८ बिटांतही मावला. आता प्रीस्केलर १०२४ घेऊन पाहा. उत्तर येते १५.६२५. पूर्णांकात बसवायला १६ ठोके धरले तर वारंवारता ९७६.५६ हर्ट्झ होते, म्हणजे दोन टक्क्यांहून मोठी चूक. प्रीस्केलर निवडताना दोनच गोष्टी पाहा: भागाकार नेमका यावा आणि मर्यादा टायमरमध्ये मावावी, ८ बिटांसाठी २५५ पर्यंत आणि १६ बिटांसाठी ६५,५३५ पर्यंत. अनेक पर्याय बसत असतील तर सर्वांत लहान प्रीस्केलर घ्या.

एका सेकंदाच्या अंतरासाठी ६४ ने भागले तर २,५०,००० ठोके लागतात, ते १६ बिटांत मावत नाहीत. २५६ ने भागले तर ६२,५००, म्हणून मर्यादा ६२,४९९. टायमर१ ची सर्वांत लांब उडी, प्रीस्केलर १०२४ ला, सुमारे ४.१९ सेकंदांची. त्याहून मोठे अंतर हवे असेल तर छोट्या अंतराचा इंटरप्ट घेऊन व्हेरिएबलमध्ये मोजत जा.

हजार हर्ट्झचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. आपल्याकडे घरगुती वीज ५० हर्ट्झची, तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. लोडसेल, थर्मिस्टर असल्या सेन्सरच्या तारांत ही वीज गुणगुणत शिरते आणि आकडे नाचू लागतात. नेमक्या एक मिलिसेकंदाच्या अंतराने वीस नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढलीत तर एक संपूर्ण आवर्तन मोजले जाते आणि ही गुणगुण जवळजवळ कटून जाते. डिले वापरून घेतलेल्या वीस नोंदींनी हे साधत नाही, कारण नोंद घ्यायला लागणारा वेळ प्रत्येक डिलेमध्ये मिसळतो आणि खिडकी २० मिलिसेकंदांची राहत नाही. टायमर शिकण्याचे इतके रोकडे फळ दुसऱ्या कशात मिळेल असे मला वाटत नाही.

मांडणीचा क्रम

टायमर१ सीटीसी पद्धतीने लावायचा असेल तर सेटअपमध्ये या क्रमाने जा.

1. नोइंटरप्ट्स लिहून इंटरप्ट थांबवा.
2. टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी ही दोन्ही रजिस्टरे शून्य करा. ही पायरी कधीही गाळू नका. आर्डुइनोने त्यात पीडब्ल्यूएमची पद्धत आणि ६४ चा प्रीस्केलर आधीच भरून ठेवलेला असतो. तुम्ही नुसते ‘ऑर’ करून बिट जोडलेत तर जुने बिट तसेच राहतात आणि भलतीच पद्धत, भलताच वेग मिळतो.
3. टीसीएनटी१ म्हणजे चालू आकडा शून्य करा.
4. ओसीआर१ए मध्ये कागदावर काढलेली मर्यादा भरा.
5. टीसीसीआर१बी मधला डब्ल्यूजीएम१२ हा बिट चालू करा. हीच सीटीसी पद्धत.
6. टीआयएफआर१ मध्ये ओसीएफ१ए या बिटाच्या जागी १ लिहा. जुना राहिलेला इशारा यामुळे पुसला जातो. या रजिस्टरात १ लिहिल्यानेच बिट शून्य होतो.
7. टीआयएमएसके१ मध्ये ओसीआयई१ए चालू करा.
8. आता शेवटी प्रीस्केलरचे बिट भरा. ६४ साठी सीएस११ आणि सीएस१०, २५६ साठी एकटा सीएस१२. याच क्षणी टायमर धावू लागतो.
9. इंटरप्ट्स लिहून इंटरप्ट पुन्हा चालू करा.

रजिस्टरांशी झुंजायचे नसेल तर टायमरवन लायब्ररी घ्या. तिला अंतर मायक्रोसेकंदांत सांगायचे आणि चालवायच्या फंक्शनचे नाव द्यायचे. प्रकल्प वेळेवर पुरा करणे हेच ध्येय असेल तर ती वापरण्यात काही कमीपणा नाही. तोंडी परीक्षेत मात्र ‘हाच प्रीस्केलर का?’ असे विचारले जाऊ शकते, तेव्हा कागदावरचे गणित जवळ असू द्या.

इंटरप्ट लिहिताना

इंटरप्टचे फंक्शन जितके छोटे तितके चांगले. नोंद घेण्याची वेळ झाली एवढी खूण करा आणि बाकीचे काम लूपमध्ये करा.

- डिले नको, सिरीयल प्रिंट नको. तुमचा इंटरप्ट चालू असताना बाकीचे इंटरप्ट बंद असतात. डिले ज्या टायमर० वर चालतो त्याचा इंटरप्टही त्यात आला, म्हणून तो पुढे सरकतच नाही. सिरीयलचेही बफर रिकामे व्हायला इंटरप्टच लागतो.
- लूप आणि इंटरप्ट दोघेही वापरतात ते व्हेरिएबल व्होलॅटाइल असू द्या. नाहीतर कंपायलर त्याची किंमत एकदाच वाचून ठेवतो आणि लूपला बदल दिसतच नाही.
- मोठे व्हेरिएबल वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवा. ही चिप ८ बिटांची आहे. लाँग प्रकारचा आकडा ती चार तुकड्यांत वाचते. दोन तुकड्यांच्या मध्ये इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा आकडा हाती येतो. ही चूक तासन्‌तास लपून राहते आणि प्रदर्शनाच्या दिवशी वर येते. इंटरप्ट थांबवा, प्रत काढून घ्या, इंटरप्ट चालू करा, मग त्या प्रतीवर हवे ते करा.
- अॅनालॉगरीडला शंभर मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एक मिलिसेकंदाच्या अंतरात तो इंटरप्टमध्ये बसतो, पण एकूण वेळाचा दहावा हिस्सा खातो. अगदी ठोक्यावर नोंद हवी असेल तर एडीसीला थेट टायमर१ च्या कंपेअर मॅच बी ने सुरू करण्याची सोय या चिपमध्ये आहे. डेटाशीटच्या एडीसी प्रकरणात ‘ऑटो ट्रिगर’ पाहा.

इंटरप्टशिवायचे काम: पीडब्ल्यूएमची वारंवारता बदलणे

संगणकाचा चार तारांचा पंखा २५ किलोहर्ट्झचे पीडब्ल्यूएम मागतो. उनोचे ४९० हर्ट्झ त्याला देऊन पंखा गुरगुरतो अशी तक्रार वारंवार येते. उपाय टायमर१ मध्ये आहे. फेज करेक्ट पद्धतीत आकडा वर जातो आणि खाली येतो, म्हणून वारंवारता = १,६०,००,००० ÷ (२ × प्रीस्केलर × मर्यादा). प्रीस्केलर १ आणि मर्यादा ३२० घेतली की नेमके २५,००० हर्ट्झ. या पद्धतीत ‘वजा एक’ नसतो, हे ध्यानात असू द्या.

मर्यादा आयसीआर१ मध्ये ठेवा म्हणजे पिन ९ आणि १० दोन्ही मोकळ्या राहतात. डब्ल्यूजीएम१३ आणि डब्ल्यूजीएम११ चालू, पिन ९ साठी सीओएम१ए१ चालू, प्रीस्केलरसाठी सीएस१०. पिन ९ ला पिनमोडने आउटपुट करायला विसरू नका. वेग देताना ओसीआर१ए मध्ये ० ते ३२० मधला आकडा थेट लिहा. अॅनालॉगराइट वापरू नका: तो २५५ पर्यंतच्या हिशेबाने चालतो आणि ० किंवा २५५ दिल्यावर टायमरचा पिनशी असलेला संबंधच तोडतो.

डीसी मोटरची शिट्टी घालवण्यासाठी काही जण टायमर२ चा प्रीस्केलर १ करून ३१ किलोहर्ट्झवर जातात. आवाज जातो खरा, पण एल२९८ सारखी जुनी ड्रायव्हर चिप एवढ्या वेगाने चालू-बंद होताना तापते. ड्रायव्हरच्या डेटाशीटमधली मर्यादा वाचूनच हे करा.

हमखास फसण्याच्या जागा

टायमर२ चे प्रीस्केलर वेगळे आहेत. त्यात ३२ आणि १२८ हे दोन जास्तीचे पर्याय असल्यामुळे बिटांचा अर्थ सरकतो. टायमर१ मध्ये एकटा सीएस१२ म्हणजे २५६, पण टायमर२ मध्ये एकटा सीएस२२ म्हणजे ६४. टायमर१ चा कोड नुसता आकडा बदलून टायमर२ ला लावला की सगळे चौपट वेगाने धावते. सुरुवातीला सांगितलेल्या भलत्या वेगाच्या एलईडीचे हे एक नेहमीचे कारण.

इंटरप्टच्या नावात एक अक्षर चुकले तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो. कंपायलर फक्त सावधगिरीची सूचना देतो आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये या सूचना मुळात बंद असतात. मग इंटरप्ट येतो, त्याचे फंक्शन सापडत नाही आणि चिप पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. बोर्ड आपोआप रीसेट होतोय असे वाटून लोक वीजपुरवठा तपासत बसतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग ‘ऑल’ वर ठेवा. आजच ठेवा.

चालत्या टायमरची मर्यादा कमी करणे. सीटीसी पद्धतीत ओसीआर१ए मध्ये लिहिलेला आकडा त्याच क्षणी लागू होतो. टायमर ५,००० वर असताना तुम्ही मर्यादा ३,००० केलीत तर ती मागेच पडली. सुटलेल्या बसमागे धावण्यात अर्थ नसतो, पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते; टायमरही ६५,५३५ पर्यंत जाऊन परत येईपर्यंत मॅच देत नाही. मर्यादा इंटरप्टच्या आतच बदला, किंवा बदलल्यावर टीसीएनटी१ शून्य करा.

इंटरप्ट रोखून धरणाऱ्या लायब्ररी. निओपिक्सेलच्या पट्टीला माहिती पाठवताना इंटरप्ट बंद ठेवावे लागतात, दर दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. साठ दिव्यांची पट्टी असेल तर जवळजवळ दोन मिलिसेकंद. टायमरचा इशारा एकाच वेळचा लक्षात राहतो, त्या काळात दोनदा मॅच झाला तर एक कायमचा हरवतो. मिलिसही थोडे मागे पडते. सॉफ्टवेअरसिरीयलमुळेही असाच उशीर होतो.

जुन्या नॅनोवर वॉचडॉग. जुना बूटलोडर असलेला नॅनो वॉचडॉगने रीसेट केल्यावर सावरत नाही, रीसेटच्या फेऱ्यांत अडकतो. नवा ऑप्टिबूट बूटलोडर भरला की हा प्रश्न सुटतो.

आणखी एक, तांत्रिक नसलेली जागा. ट्रायॅकने दिव्याचा उजेड वा पंख्याचा वेग कमी-जास्त करणारे प्रकल्प टायमर१ ची चांगली कसोटी घेतात, कारण दर १० मिलिसेकंदांनी येणाऱ्या शून्यबिंदूपासून वेळ मोजायची असते. त्यात २३० व्होल्ट असतात. ऑप्टोकप्लरने बोर्ड वेगळा केल्याशिवाय, जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय आणि यूएसबीची तार लॅपटॉपला जोडलेली असताना हे काम कोणीही करू नये.

लावलेला टायमर बरोबर आहे हे कसे पाहावे

सर्वांत सोपी रीत म्हणजे इंटरप्टमध्ये एक पिन उलटवत राहणे. चालू-बंद मिळून एक आवर्तन होते, म्हणून पिनवर दिसणारी वारंवारता इंटरप्टच्या निम्मी असते. हजाराऐवजी पाचशे दिसले तर ते बरोबरच आहे.

हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर असेल तर पुरे. नसेल तर आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर घ्या आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर असा अॅनालायझर मिळू शकेल. यातले काहीच नसेल तर सेकंदाच्या ठोक्यांची मोजणी दहा मिनिटे चालू द्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडा. तीन सेकंदांपर्यंतचा फरक रेझोनेटरचा समजा. त्याहून मोठा असेल तर गणित किंवा बिट चुकले आहेत. नेमका दुप्पट, चौपट फरक आला तर प्रीस्केलरकडेच जा.

बोर्ड बदलला तर

रजिस्टर पातळीवरचा कोड बोर्डाबरोबर बदलतो. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर४ चा आकार आणि पिन जुन्याच आहेत, पण चिप रेनेसासची आणि ४८ मेगाहर्ट्झची आहे. वर सांगितलेले एकही रजिस्टर तिच्यात नाही. लिओनार्डोमध्ये टायमर२ नाही. ईएसपी३२ वर तर लायब्ररीच बदलली: आर्डुइनो गाभ्याच्या ३.० आवृत्तीपासून टायमरबिगिन या फंक्शनला फक्त वारंवारता द्यायची असते, आधी टायमरचा क्रमांक आणि भाजक द्यावा लागे. जुन्या पुस्तकातला कोड तिथे कंपाइल होत नाही तो यामुळे. सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहूनच कोड निवडा.

खरेदी करताना तुमचे हक्क

आर्डुइनोचे हार्डवेअर खुले आहे, म्हणून त्याची नक्कल बनवणे आणि विकणे कायदेशीर आहे. त्यावर आर्डुइनोचे नाव आणि चिन्ह परवानगीशिवाय छापणे मात्र नाही. नक्कल घेण्यात गैर काही नाही, फक्त चिपवरचा मजकूर वाचा. काही स्वस्त बोर्डांवर एलजीटी८एफ३२८पी ही वेगळी चिप असते. ती पुष्कळशी सुसंगत असली तरी ३२ मेगाहर्ट्झवरही चालू शकते, आणि तशी चालत असेल तर तुमचे सगळे गणित दुपटीने चुकते.

- अॅटमेगा३२८पी सांगून दुसरी चिप दिली असेल तर तो वर्णनाशी न जुळणारा माल आहे. ऑनलाइन घेतला असेल तर २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.
- बिल मागून घ्या. उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि चिपचा जवळून काढलेला फोटो जपा.
- विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- बनवलेले यंत्र विकणार असाल तर लायब्ररींचे परवाने वाचा. आर्डुइनोचा गाभा एलजीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे तुमचा स्वतःचा कोड उघड करण्याची सक्ती नाही. ऑब्जेक्ट फाइल्स मात्र मागणाऱ्याला द्याव्या लागतात. लायब्ररी जीपीएलखाली असेल तर विकलेल्या यंत्राचा सोर्स कोडही द्यावा लागतो.

आणि अडल्यावर कोणाकडे मदत मागाल तेव्हा ‘टायमर चालत नाही’ एवढेच सांगू नका. चिपवरचे नाव, घड्याळाची गती, कोणता टायमर घेतला, प्रीस्केलर व मर्यादा काय भरली आणि प्रोग्रॅममध्ये कोणकोणत्या लायब्ररी आहेत, एवढे आधी लिहून काढा. ही यादी करता करताच पुष्कळदा चूक सापडते. आणि नाही सापडली, तरी समोरच्याला नेमके उत्तर देता येते.